विषय: टबचं पाणी उतरत नाही (नागपूरचं घर)

मंडळी, नमस्कार.
यंदाचा हिवाळा आईबाबांकडे, लक्ष्मीनगरला. बाबांनी हौसेनं बांधून घेतलेल्या टबात आंघोळ झाली की पाणी घोट्यापर्यंत साचून राहतं. बेसिन आणि बाथरूमची मोरी मात्र व्यवस्थित वाहतात. शेजारचे काका म्हणतात, कॉस्टिक सोड्याची पुडी टाक, नाहीच हललं तर वरून ॲसिड. आईनं बाटली आणूनही ठेवलीय. टाकू का?
– लक्ष्मीनगरकर

ताई,
ती बाटली आधी उचलून दूर ठेवा जी! कॉस्टिकवर ॲसिड पडलं की एकदम उष्णता निघते, पाणी उसळून तोंडावर येतं. ॲसिडची गाठ ब्लीचशी पडली तर क्लोरीन वायू. आपल्याकडे थंडीत बाथरूमची खिडकी कोण उघडी ठेवतो?

बाकीचं पाणी नीट जाऊन राहिलं, म्हणजे मेन लाइन बहुधा मोकळी. अडलंय ते टबच्या ट्रॅपपाशी, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाइपात. केस आणि साबण, दुसरं काय असणार! बिल्डिंगला बोअरचं पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियमनं साबणाचा न विरघळणारा पांढरा साका होतो आणि केसांना चिकटून बसतो. त्यात खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. मे महिन्यात ज्या पाइपातून खळाळून जातं, त्याच पाइपात डिसेंबरात बसतं. दिवाळीचं उटणं टबात लावलं असेल तर तोही चोथा तळाशी असणार.

हातमोजे घाला, जाळी किंवा झाकण काढा, टॉर्च मारा. हार्डवेअरवाल्याकडे काटेरी प्लास्टिकची पट्टी विचारा, नसली तर तारेला आकडा करून घ्या. सावकाश खाली घालायची, फिरवायची, ओढायची. जेवणाआधी करू नका, एवढंच सांगतो. केस निघाले की गरम पाणी ओता, पण उकळतं नको, पीव्हीसी मऊ पडतो. तरीही अडलं तर प्लंजर, म्हणजे दांड्याला रबरी वाटी असते तो. टबात चार बोटं पाणी ठेवा आणि टबच्या भिंतीत वर ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी जायचं भोक असतं, त्यावर ओलं फडकं कुणाला तरी घट्ट दाबून धरायला सांगा. नाहीतर सगळा जोर त्या भोकातून बाहेर.
– धंतोलीवाले काका

काका, खायचा सोडा आणि व्हिनेगर सोडून दिलंत की! फेस किती छान येतो.
– एक वहिनी

वहिनी, फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेला की मागं खारट पाणी उरतं आणि केस जिथल्या तिथं. सिंक चकचकीत करायला बरा आहे.
– काका

काका, पट्टीनं भलामोठा गुंता निघाला. पाणी आता जातंय, पण अजून रेंगाळतं. प्लंजर आणलाय. पंचाईत अशी की ओव्हरफ्लोचं भोक कुठंच नाही! टब विटांचा, वर टाइल्स.
– लक्ष्मीनगरकर

मग फडक्याचं काम वाचलं, थेट प्लंजर मारा. पण अगोदर पुडी टाकली नव्हती ना, ते आईंना विचारून घ्या. तसलं पाणी डोळ्यात उडालं तर भारी पडेल. एवढ्यानंही नाही गेलं, तर जुन्या बिल्डिंगांमध्ये ट्रॅप बरेचदा खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला लटकलेला असतो. त्याची टोपी तिथूनच खोलावी लागते. खालच्यांना आधी सांगा, बादली ठेवा आणि ते काम प्लंबरकडून करवा, स्टुलावर तुम्ही चढू नका.
– काका