चढ जमतो, उतारावर हातच चालेनासा होतो. ब्रेक बदलू का?

उशिरा_सायकल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहितेय आज पहिल्यांदा.

वय ४७. सायकल हाती आली तीच चाळिशी उलटल्यावर, त्यामुळे पोरवयात अंगात येते ती बेफिकिरी माझ्याकडे कधी नव्हती. रोड बाईक आहे, रिम ब्रेकवाली (ब्रेकचं रबर थेट चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर घासतं). गिअरच्या चकत्या पुढे ५०-३४ दात्यांच्या, मागे ११-३२, टायर २८ मिमीचे. गेली दोन वर्षं दर रविवारी एकच घाट करते. ११ किमी, चढ साधारण ७४० मीटर. सव्वा तास लागतो, कधी जास्त. पहाटे निघाले तर पूर्ण चढात तीन-चार गाड्या भेटतात, तेवढ्याच. बाकी साखळीचा आवाज आणि माझा श्वास. कुणी मागे लागलेलं नाही, कुणाला गाठायचं नाही. ३४-३२ या सगळ्यात हलक्या गिअरवर टाकायची आणि वळणं मोजत बसायची. चढाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार उताराची आहे. गेल्या रविवारी सहाएक किलोमीटर उतरल्यावर एका हेअरपिन वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबला आणि बोटं वळलीच नाहीत. दुखत नव्हती, फक्त माझं ऐकेनाशी झाली होती. सायकल पलीकडच्या बाजूला गेली आणि बूट घासत घासत कठड्याला टेकून थांबले. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून हे लिहू शकतेय. कठड्यावर दहा मिनिटं बसले. रिमला बोट लावून पाहिलं तर चटका बसला. पुढची दोन वळणं सायकल हातात धरून चालत उतरले.

घरच्यांचं म्हणणं, डिस्क ब्रेकची (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर ब्रेक लागतो ती) सायकल घे. घ्यायची तयारी आहे, पण दोष ब्रेकचा की माझा हे आधी कळू दे. उतारावर मी सतत ब्रेक धरून असते, वेग वीसच्या आसपास. उतरायलाही अर्ध्या तासाच्या वर लागतो.

तिसरा_गिअर

दोन प्रश्न. हात नक्की कुठे असतात, हुडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) की खाली ड्रॉपमध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात)? आणि कोणता हात गेला? माझा अंदाज, मागच्या ब्रेकचा.

उशिरा_सायकल

हुडवर. ड्रॉपमध्ये वाकले की आणखी पुढे कलंडल्यासारखं वाटतं. आणि हो, मागच्या ब्रेकचाच! कसं ओळखलंत? पुढचा दाबला तर डोक्यावरून जाईन अशी भीती वाटते, म्हणून त्याला नुसता स्पर्श करते. माझे हात लहान आहेत, लिव्हरवर बोटाचं पहिलं पेरच जेमतेम पोचतं.

जुना_उतारू

ताई, आधी हे बरं झालं की तुम्ही चालत उतरलात. मी तेव्हा उतरलो नव्हतो, त्याची खूण खांद्याच्या हाडावर आहे. ती गोष्ट पुढे येईल.

ब्रेक बदलायची घाई नको. व्यावसायिक शर्यतींत डिस्क ब्रेकला पूर्ण मुभा मिळाली २०१८ मध्ये. टूर द फ्रान्स ही शर्यत २११५ मीटरच्या तुर्माले घाटावर पहिल्यांदा चढली १९१० साली. मधल्या काळात पिढ्यानपिढ्या लोक रिमला रबर घासूनच असले डोंगर उतरले. डिस्क चांगलीच. पावसात तर फारच चांगली, आणि बोटांना जोरही कमी लागतो. पण एका हाताने, पहिल्या पेराने, मागचंच चाक धरायची सवय ठेवलीत तर डिस्कवरही थकालच.

हुडवरून दाबता तेव्हा बोट लिव्हरच्या वरच्या टोकाशी, खिळीच्या जवळ पडतं. दार बिजागरीपाशी ढकलून बघा, तसं ते. ड्रॉपमधून तेच बोट लिव्हरच्या मध्याखाली पडतं आणि निम्म्या जोरात काम होतं. कलंडल्यासारखं वाटतं, कारण तुम्ही हात ताठ ठेवून वाकत असणार. कोपरं सैल सोडा, बूड सीटवर थोडं मागे सरकवा, वजन पायांवर घ्या. सपाटीवर, रिकाम्या रस्त्यावर आठवडाभर नुसतं ड्रॉपमध्ये बसायची सवय करा. घाटात शिकू नका.

दुसरं, बऱ्याच लिव्हरना पोच कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो. हुडचं रबर थोडं मागे सारलं की बहुधा दिसतो. लिव्हर हँडलच्या जवळ आणता येते. त्यानंतर केबलचा ताण पुन्हा बघावा लागतो, नाहीतर लिव्हर हँडलला टेकेल आणि ब्रेक मात्र लागणार नाही. स्वतःला खात्री नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या.

पुढच्या ब्रेकची भीती सगळ्यांनाच असते. सायकल थांबू लागली की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. म्हणजे मागचा ब्रेक जितका दाबाल तितकं ते चाक लॉक होऊन घसरायला मोकळं. थांबवण्याचं खरं काम पुढचाच करतो. त्याला एकदम आवळू नका, लिंबू पिळतो तसं हळूहळू वाढवत न्या. आणि सरळ रस्त्यावर. सायकल वळणात कललेली असताना टायरची पकड वळण्यातच खर्ची पडते, त्यात ब्रेक मागितला की उधारी होते.

आता माझं हाड. शांत घाटाचं आपल्याला कौतुक असतं, पण एक गोष्ट मी पडल्यावर शिकलो: शांत रस्ता झाडलेला नसतो. वाहता रस्ता गाड्यांची चाकंच झाडून काढतात, खडी कडेला आणि मधोमध सारली जाते, दोन पट्टे स्वच्छ राहतात. तुमच्या तीन-चार गाड्यांच्या रस्त्यावर ते होत नाही. पावसाने आणलेली बारीक कच वळणाच्या आतल्या बाजूला तशीच पसरलेली. झाडाच्या सावलीत शेवाळ. ऊन असताना बाकी सगळा रस्ता कोरडा आणि त्या एका वळणावर हातभर ओल, त्यावरच मी गेलो. ब्रेकसुद्धा लावला नव्हता. ढोपर, खांदा, मग हेल्मेट, असा क्रम मला नीट आठवतो. आठवत नाही ते एवढंच, की पहिली गाडी येईपर्यंत किती वेळ गेला.

त्या दिवसापासून चढताना मी उताराचा अभ्यास करतो. आठच्या वेगाने चढत असता तेव्हा पलीकडच्या बाजूला काय पडलंय ते सगळं दिसतं. तुम्ही वळणं मोजताच. आता नुसता आकडा नको, आकड्यापुढे शेरा लिहा. पाचवं, कच. नववं, ओल. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटात २१ वळणांना आकड्यांच्या पाट्या आहेत, खालून २१ पासून उलट्या मोजत वर १ पर्यंत. तुमच्या घाटाला नसल्या तर मनात लावा. उन्हाचा घाट असेल तर डांबराकडेही बघा, चकाकतंय का. २००३ च्या टूरमध्ये बेलोकी हा स्पॅनिश सायकलपटू वितळलेल्या डांबरावरच घसरला आणि त्याची मांडी, कोपर, मनगट अशी तिन्ही मोडली. तो तर पट्टीचा व्यावसायिक.

आकडेमोड

जुना_उतारू यांच्याशी सहमत, पण चटका का बसला ते राहिलं, म्हणून.

तुम्ही आणि सायकल मिळून ७५ किलो धरू. ७४० मीटर उतरताना साधारण ५४४ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्यात दीड लिटरहून जास्त पाणी उकळीला येतं. ही ऊर्जा घ्यायला गिऱ्हाइकं तीनच: हवा, टायर आणि रिम. हवा वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने घेते. तुमच्या उतारावर विसाच्या वेगाने हवा जवळजवळ काहीच घेत नाही, तीन-चतुर्थांशहून जास्त माल रिमच्या गळ्यात पडतो. ताशी ४५ ला हवाच बहुतेक सगळं खाते. ब्रेक अजिबात न लावता बसलात तरी माझ्या अंदाजाने पन्नासच्या आसपास वेग स्थिरावेल.

गंमत मध्येच आहे. रिमला दर सेकंदाला सगळ्यात जास्त उष्णता मिळते ती २५-३० च्या वेगाने सतत ब्रेक धरून उतरताना. म्हणजे "बेताने" म्हणून आपण जे करतो तेच. आकडे ढोबळ आहेत, बसण्याची ढब आणि वारा बदलला की बदलतील, पण दिशा हीच.

म्हणून सरळ तुकड्यावर सोडायची, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ, मग पूर्ण मोकळे. पॅड (ब्रेकची रबरं) उचललेले असतात तेव्हा रिमला वारा लागतो. कार्बन रिम असेल तर जास्तच जपा, तापून बिघडते. अॅल्युमिनियमची असेल तर एवढी चिंता नको, फक्त तापलेल्या रिमला बोट लावू नका :)

मागची_बत्ती

आकडे बरोबर असतील, पण जी बाई आत्ताच कठड्यावर बसून आलीय तिला ४५ ने सोडा म्हणून सांगणं मला पटत नाही. भ्यालेला माणूस वेगात आणखी ताठ होतो, आणि ताठ हातांनीच हँडल थरथरायला लागतं. (तसं झालंच कधी, तर गुडघा वरच्या नळीला टेकवायचा आणि मूठ सैल करायची. आवळली की वाढतं.)

ताई, थांबा. दर दोन-तीन किलोमीटरला थांबा, हात झटका, रिम निवू दे. शर्यत नाहीये. मी बारा वर्षं घाट करतेय आणि अजून दोन ठिकाणी थांबतेच, एक तर दरीचा देखावा बघायला म्हणून, पण खरं कारण हातच.

आणि एक विचारते. वर पोचल्यावर जॅकेट घालता का? चढून घामाने भिजलेलं अंग, वर गारठा, त्यात वारा. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, वाऱ्याचं वेगळंच. गारठलेली बोटंही अशीच "ऐकेनाशी" होतात. जुन्या शर्यतींत माथ्यावर लोक सायकलस्वारांना वर्तमानपत्रं द्यायचे, जर्सीच्या आत छातीवर कोंबायला. मी एकदा नकाशाची घडी कोंबली होती. चालतं.

उशिरा_सायकल

सगळ्यांचे आभार. तीन रविवार गेले, म्हणून पुन्हा लिहितेय.

स्क्रू सापडला. लिव्हर बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत आली. दोन वर्षं मी एका पेरावर घाट उतरत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग येतोय, पण कुणावर काढणार.

मागची_बत्ती, जॅकेट घालत नव्हते. "खालीच तर जायचंय" असा हिशोब होता. आता पातळ विंडचीटर मागच्या खिशात असतं. फरक पडला, किती पडला ते वेगळं काढता येत नाही.

पहिल्या रविवारी घाटात गेलेच नाही, सपाटीवर ड्रॉपमध्ये बसून पाठ धरली. दुसऱ्या रविवारी अर्धाच घाट चढून उतरले, तीनदा थांबले. काल पूर्ण. चढताना शेरे मनात ठेवायचा प्रयत्न केला, सातव्याला विसरले, म्हणून आता हँडलवर चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, त्यावर पेनाने ५ क, ९ ओ, १२ क असं लिहितेय. सरळ तुकड्यांवर ३४ पर्यंत गेले. आकडेमोड हसतील. पुढच्या ब्रेकने डोक्यावरून गेले नाही.

ज्या वळणावर कठड्याला टेकले होते तिथे मात्र थांबले. कठड्याच्या दगडावर माझ्या बुटाची काळी रेघ अजून आहे. आणि रस्त्यावर, मी गेले होते बरोबर त्या जागी, मूठभर कच पडली होती. त्या दिवशी होती का नव्हती, काही केल्या आठवत नाही.

जुना_उतारू, शेवाळ ओलं नसेल तेव्हाही घसरतं का? नवव्या वळणावर वाळलेलं, काळपट असं काहीतरी आहे.

जुना_उतारू

वाळलेलं असेल तर पकड बरीच बरी. पण पहाटे दव पडतं, आणि तुम्ही पहाटेच जाता. ९ पुढे ओ ठेवाच.