कॅलिफोर्निया: शहराच्या प्रस्तावित दूरध्वनी कराला विरोध कसा करावा?

प्रश्न
आमच्या लहान शहराच्या नगर परिषदेने नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दूरध्वनी कराचा प्रस्ताव ठेवला आहे. दर अर्ध्या टक्क्याने उतरेल असे सांगतात, मात्र आजवर कराबाहेर असलेल्या सेवाही त्यात येतील. फोनवाचून कोणाचेच चालत नाही, त्यामुळे तुटपुंज्या मिळकतीच्या घरांना हा कर सर्वाधिक जाचेल, आणि म्हणूनच माझा त्याला ठाम विरोध आहे. मी येथील मतदार आहे. यजमानांकडे ग्रीन कार्ड आहे. आम्हांला काय करता येईल?

प्रतिसाद १
दराकडे नव्हे, कोणत्या सेवांवर कर लागेल त्या व्याख्येकडे पाहा. लॉस एंजेलिसमध्ये फेब्रुवारी २००८ मध्ये 'प्रपोझिशन एस'ने (मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने) दूरध्वनी कराचा दर १० टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणला, पण त्याच वेळी कराची व्याप्ती वाढवली. तेथील जुना कर १८९८ च्या युद्धकाळात सुरू झालेल्या संघीय दूरध्वनी कराच्या व्याख्येवर बेतलेला होता. २००६ मध्ये संघीय सरकारने लांब पल्ल्याच्या कॉलवरील वसुली थांबवली, तेव्हा शहराच्या वसुलीलाही आव्हान मिळाले. आपल्या शहराचा या कराचा जुना अध्यादेश (स्थानिक कायदा) अवश्य वाचा.

प्रतिसाद २
माझ्या मते खरा मुद्दा पैशाच्या विनियोगाचा आहे. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन २१८' या घटनादुरुस्तीनुसार सर्वसाधारण कराला साधे बहुमत पुरते, तर परिषदेने विशिष्ट कामासाठी मांडलेल्या कराला दोन तृतीयांश मते लागतात. पत्रकांत पोलीस व अग्निशमन दलाचे नाव असेल, पण ठराव सर्वसाधारण कराचा असेल, तर तो पैसा त्याच कामी लावण्याचे बंधन परिषदेवर नसते, आणि हे मतदारांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे. मतदार या नात्याने आपण ३०० शब्दांपर्यंतचे विरोधी निवेदन सिटी क्लार्ककडे (नगर परिषदेच्या सचिवाकडे) देऊ शकता. त्याची मुदत मतदानाच्या बरीच आधी संपते, म्हणून आजच चौकशी करा. यजमानांना मतदान करता येत नसले तरी परिषदेच्या बैठकीत जनतेसाठी राखलेल्या वेळेत ते बोलू शकतात. कर तेही भरतात, हे त्यांनी तेथे जरूर सांगावे.

प्रतिसाद ३
वरील मताशी सहमत आहे, पण निवेदनात 'इंटरनेटवरही कर लागणार' असे लिहू नका. इंटरनेट जोडणीवर कर लावण्यास १९९८ च्या संघीय कायद्याने मनाई केली आणि २०१६ मध्ये ती कायमची झाली. असे एक चुकीचे विधान समर्थकांच्या हाती लागले, तर ते तेवढेच खोडून बाकीचे मुद्दे टाळतील. 'लाइफलाइन' या कमी उत्पन्न गटासाठीच्या फोन सवलतीच्या ग्राहकांना वगळले आहे का, हे मात्र परिषदेला लेखी विचारा. प्रस्ताव मंजूर झालाच, तर 'प्रपोझिशन २१८'मुळेच स्वाक्षऱ्या गोळा करून कर रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांसमोर आणता येतो.