नगरपरिषदेचं वाचनालय तिसऱ्या मजल्यावर नेताहेत, हरकतीत काय लिहू?

पायरीवरचा
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या गावात (नाव नको, तालुक्याचं ठिकाण आहे) नगरपरिषदेचं वाचनालय आहे, भर बाजारात, तळमजल्यावर, समोरच एसटी स्टँड. इमारत जुनी आहे हे खरंय, पावसाळ्यात कपाटांमध्ये बादल्या ठेवाव्या लागतात. आता ती पाडून व्यापारी संकुल करायचं, खाली गाळे आणि तिसऱ्या मजल्यावर 'ई-लायब्ररी व अभ्यासिका' असा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतोय, हरकती-सूचना पंधरा दिवसांत द्या म्हणालेत. बोर्डावरच्या चित्रात काचा आहेत, एसी आहे, कॉम्प्युटरची रांग आहे, पुस्तकाचं एक कपाट दिसेल तर शपथ. विचारलं तर म्हणे आता सगळं मोबाईलवर असतं हो. माझे वडील ७८ वर्षांचे, रोज सकाळी चार पेपर वाचायला जातात, गुडघे गेलेत. लिफ्ट आहे चित्रात, पण नगरपरिषदेची लिफ्ट म्हणजे... असो. वडिलांचं रडगाणं लिहिलं तर फाइलला लावून मोकळे होतील. मुद्द्याचं काय लिहू?

तिसरा_अटेम्प्ट
दादा राग मानू नका पण अभ्यासिकेला सरसकट विरोध करू नका प्लीज. घरी आम्ही पाच जण दोन खोल्यांत राहतो, खाजगी अभ्यासिकेची फी परवडत नाही, आमच्याकडच्या वाचनालयात सकाळी सातला रांग लावून जागा धरतो तेव्हा कुठे अभ्यास होतो. पेपर वाचणारे आजोबा मोठ्याने राजकारण करतात आणि आम्ही शूऽऽ केलं की तेच आमची तक्रार करतात 😅 दोन्ही पाहिजे, फक्त वेगवेगळ्या खोलीत पाहिजे. आणि चित्रात कॉम्प्युटर दाखवतात पण चार्जिंगचे पॉइंट आणि मुलींसाठी टॉयलेट कुणी दाखवत नाही, ते आधी लिहा.

शिक्का_आणि_कार्ड
वरच्या मुलाचं बरोबर आहे. मी ग्रंथपाल म्हणून ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. मुद्दे सांगतो.

पहिला मुद्दा वजनाचा, कारण इंजिनिअरला तो टाळता येत नाही. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून करतात, पुस्तकांची कपाटं जिथे ओळीने उभी राहणार तिथे ६०० धरावे लागतात, आणि कपाट २.२ मीटरपेक्षा उंच असेल तर आणखी जास्त. तेव्हा सरळ विचारा, तिसऱ्या मजल्याचं डिझाइन किती भाराचं आहे? २५०-३०० असं उत्तर आलं तर समजा की तिथे पुस्तकं न्यायचीच नाहीत, नुसती टेबलं मांडायचीत.

दुसरं, दाखलनोंदवहीप्रमाणे आज पुस्तकं किती आहेत आणि त्यातली किती निर्लेखित करणार, म्हणजे नोंदीतून कायमची काढून टाकणार, हे लेखी मागा. पुस्तकं हरवतात ती वाचकांकडून कमी, स्थलांतरात जास्त. गोणीत भरून गोडाऊनला गेलेला ग्रंथसंग्रह वाळवीच बघते, दुसरं कोणी नाही. इमारत पाडून नवी होईपर्यंत वाचनालय कुठे चालणार हेही विचारा, 'तात्पुरतं बंद' या शब्दांवर अजिबात विश्वास ठेवू नका.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या, नगरपरिषद कायद्यात ग्रंथालय हे ऐच्छिक काम आहे, पाणी-गटारासारखं बंधनकारक नाही, म्हणून पैशाची चणचण आली की पहिली कात्री इथे. तमिळनाडूत १९४८ च्या आणि कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतात, आपल्या १९६७ च्या कायद्यात तो नाहीच. कोल्हापूर संस्थानाने १९४५ लाच ग्रंथालय कायदा केला होता, एवढा पुढे असलेला मुलूख आपला. जाऊ दे, त्यावर बोलायला लागलो तर रात्र होईल.

बर्मिंगहॅमकर
इमारतीवरून आठवलं. इथे बर्मिंगहॅमला कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, २०१३ मध्ये १८ कोटी ८० लाख पौंड घालून शहराची मुख्य लायब्ररी नवीन बांधली, उद्घाटनाला मलाला आली होती, इमारत खरंच बघण्यासारखी आहे. दोन वर्षांत पैसे आटले आणि २०१५ ला आठवड्याचे ७३ तास थेट ४० वर आले, माणसंही कमी केली. पुढे २०२३ मध्ये कौन्सिलनेच जाहीर केलं की हिशोब जुळत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. म्हणजे इमारत झळाळती आणि दार बंद. तुमच्या प्रस्तावात पगार, वीज आणि दरवर्षीची पुस्तकखरेदी कुठून येणार ते बघा, गाळ्यांचं भाडं म्हणतील, तर त्यातला किती हिस्सा वाचनालयाला मिळणार हे ठरावातच लिहून घ्या.

पायरीवरचा
वा, हे कामाचं झालं. काल प्रस्तावाची प्रत काढली, स्लॅबच्या भाराबद्दल एक ओळ नाही. शिवाय मंजूर पदांत ग्रंथपाल एकच, आणि तेही 'मानधनावर'. वाचक विभाग आणि बालविभाग तळमजल्यावर, अभ्यासिका वर, असं सुचवतोय, चार्जिंग पॉइंट आणि टॉयलेटचंही लिहिलंय तिसरा_अटेम्प्ट तुझ्यासाठी. @शिक्का_आणि_कार्ड काका, एकट्याचा अर्ज द्यावा की सगळ्या सभासदांच्या सह्या घ्याव्यात?

शिक्का_आणि_कार्ड
दोन्ही. सह्यांचा एक अर्ज आणि मुद्द्यांचा वेगळा, आवक-जावकचा शिक्का मारून पोच घ्या. वडिलांची सही पहिली ठेवा, सभासद क्रमांकासकट.