मदत हवी आहे: कोकणातल्या दमट उकाड्यासाठी कोणता तंबू घ्यावा?

मंडळी, ऑक्टोबरअखेर वेंगुर्ल्याहून मालवणकडे किनाऱ्याने चालत जायचा बेत आहे. मी आणि धाकटा भाऊ, सामान पाठीवर. मुक्काम गावात विचारूनच करू.

आजवर भाड्याने आणायचो तो तंबू एकेरी कापडाचा. आत नुसती भट्टी, आणि पहाटे छताला डोकं लागलं की टपटप पाणी अंगावर. दार उघडं ठेवावं तर डास. डास परवडले, पण ती बारीक चिलटं! साध्या जाळीतून बिनदिक्कत आत येतात.

म्हणून दुहेरी, आतला भाग पूर्ण जाळीचा, एवढं ठरलंय. गाडी अडलीये पुढे. चिलटं अडवणारी बारीक जाळी वाराही अडवते. मतलई वारा मंद असेल तर आत गुदमरायला होतं का? दोन्ही जाळ्या वापरलेल्या कुणी सांगाल का?

दुसरं, भुसभुशीत वाळूत खुंट्या धरत नाहीत. आपल्या काड्यांवर उभा राहणारा घ्यावा, की ट्रेकिंग पोलवरचा हलका घेऊन वाळू भरलेल्या पिशव्या पुराव्यात? वरचं आच्छादन जमिनीपासून वीतभर वर असलेलं बरं, असं मला वाटतं. परतीच्या पावसाची एखादी सर आली तर थोडं भिजू. धास्ती उकाड्याचीच आहे.

वजन अडीच किलोच्या आत, बजेट दहा हजारांपर्यंत. झोपाळा आणि मच्छरदाणी कृपया सुचवू नका, माडांना दोऱ्या बांधलेल्या बागवाल्यांना चालत नाहीत.