गोल्डफिश अंग घासतो आहे. निळ्या औषधाने उतार नाही

प्रश्न (रत्नागिरीहून)

माझ्याकडे सुमारे 100 लिटरच्या टाकीत दोन ओरांडा गोल्डफिश दोन वर्षांपासून आहेत. तीन आठवड्यांपूर्वी तिसरा मासा आणला आणि तो थेट त्याच टाकीत सोडला. दहाएक दिवसांनी जुन्यांपैकी एक मासा खडीवर आणि फिल्टरच्या नळीवर अंग घासू लागला. दुकानदाराने फोनवर लक्षणे ऐकून हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असल्याचे सांगितले आणि मिथिलीन ब्ल्यू देऊन हीटर 30 अंशांवर ठेवायला सुचवले. आठ दिवस झाले तरी घासणे थांबलेले नाही. उलट आता तिन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. ठिपके मला दिसत नाहीत, मात्र एकाच्या पाठीवरच्या पराच्या बुडाशी पांढरा दोरा चिकटल्यासारखा दिसतो आणि तिथली जागा लाल झाली आहे. औषधाची मात्रा वाढवावी का?

उत्तर 1

मात्रा वाढवू नका. आहे तेवढेही औषध थांबवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात अंगावर रव्याचे कण पसरावेत तसे एक मिलिमीटरपर्यंतचे ठिपके दिसतात, आणि ते तुम्हाला दिसलेलेच नाहीत. (नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांवर विणीच्या काळात बारीक पांढरे उंचवटे येतात. त्यांना रोग समजून निरोगी माशावर उपचार करणारे मी बरेच पाहिले आहेत.) धापा टाकण्याचे कारण बहुधा निराळे आहे. मिथिलीन ब्ल्यूमुळे फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आधी अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठणारे विषारी घटक) तपासा, आणि तो दोरा भिंगातून नीट पाहून कळवा.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

अमोनिया लिटरला 1 मिलिग्रॅम आला, नायट्राइट त्याहून थोडे कमी. दोरा सुमारे आठ मिलिमीटर लांब आणि ताठ आहे; मोकळ्या टोकाला दोन बारीक पिशव्या लोंबल्यासारख्या दिसतात. नव्या माशाच्या शेपटीजवळही तसाच एक सापडला.

उत्तर 2

मग हा अँकर वर्म, म्हणजे लेर्निया. नावात कृमी असला तरी तो कृमी नव्हे, कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातला कवचधारी जीव आहे आणि औषध निवडताना हीच गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण कृमींवरचे प्राझिक्वांटेल त्याच्यावर चालत नाही. दिसतो तो दोरा म्हणजे मादी. तिचे नांगरासारखे डोके माशाच्या मांसात रुतलेले असते आणि लोंबणाऱ्या दोन पिशव्या अंड्यांच्या असतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले पाण्यात सुटी फिरून पुन्हा माशावर येतात. उबदार पाण्यात हे सगळे चक्र साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होते. म्हणजे हीटरने तुम्ही त्याला मदतच केली. आता तापमान रोज एक-दोन अंशांनी उतरवून नेहमीवर आणा.

आजचे काम पाण्याचे आहे. क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने 40 टक्के पाणी बदला, एअर पंप जोरात ठेवा, खाणे दोन दिवस बंद करा. आयोडीन नसलेले जाडे मीठ लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला 300 ग्रॅम, तीन भागांत दीड दिवसात विरघळवून घाला. रुतलेली मादी याने मरणार नाही, पण नायट्राइटचा त्रास कमी होईल आणि जखमी माशावरचा ताण उतरेल. टाकीत जिवंत वनस्पती असतील तर त्या आधी हलवा.

मासे सावरल्यावर मादी चिमट्याने काढा. माशाला ओल्या कापडात धरून, अगदी त्वचेलगत पकडून, खवल्यांच्या दिशेने सावकाश ओढा. डोके आत तुटले तर तिथे जखम चिघळते, म्हणून झटका देऊ नका. जखमेवर कापसाच्या काडीने पोव्हिडोन आयोडीन टेका. ते कल्ल्यांकडे ओघळू देऊ नका. मासा अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ पाण्याबाहेर नको.

उत्तर 3

वरील निदान पटते. पण चिमट्याने प्रश्न सुटतो असे वाटून तिथेच थांबू नका, कारण पाण्यातली पिल्ले तशीच राहतात. त्यांच्यासाठी डायफ्लुबेन्झुरॉन वापरतात. ते कात टाकताना नवे कवच बनू देत नाही, त्यामुळे वाढती पिल्ले मरतात. रुतलेली मादी कात टाकतच नाही, म्हणून ती हातानेच काढावी लागते. मात्र 100 लिटरला हे औषध काही मिलिग्रॅमच लागते. चमच्याने ते मोजता येत नाही, आणि ते शेतीचे कीटकनाशकही आहे, तेव्हा पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय हात लावू नका. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचे औषध सुचवणारेही भेटतील. माशांच्या बाबतीत त्याची उपयोगी आणि घातक मात्रा फार जवळजवळ असते, त्यामुळे ते टाळा.

माझी पसंती औषधाविना असलेल्या मार्गाला आहे. मादी काढल्यावर तिन्ही मासे दुसऱ्या टबात हलवा आणि मूळ टाकी माशांविना ठेवा; पिल्लांना माशावर येता आले नाही तर ती साधारण आठवड्यात मरतात. मी दोन आठवडे ठेवतो. टबातल्या माशांवर तोवर नवे दोरे उगवतील, ते रोज पाहून काढावे लागतात. जुना फिल्टर टाकीतच चालू ठेवलात तर जिवाणूंना रोज चिमूटभर खाणे टाकावे लागेल.

अंग घासणे तरीही थांबले नाही तर कल्ल्यांवरचे फ्लूक (बारीक चपटे कृमी) किंवा ट्रायकोडिना (एकपेशी परजीवी) असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत; त्वचेवरचा चिकट स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तुमच्या जवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे विचारून पाहा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पाणी बदलले, संध्याकाळी धापा कमी झाल्या. एक शंका: माझी मुलगी रोज टाकीत हात घालते, तिला काही होईल का?

उत्तर 2

लेर्निया माणसाला होत नाही. हातावर ओरखडा असेल तर मात्र तो भरेपर्यंत तिला टाकीपासून दूर ठेवा, कारण टाकीच्या पाण्यातले काही जिवाणू जखमेतून शिरू शकतात.