गुडघा टेकला कुणी, सुचवला कुणी: आमच्या फॅमिली ग्रुपवरचा रविवार

अप्पा, ७:०२
सुप्रभात. सर्वांचा दिवस आनंदात जावो.

ओंकार, ८:१४
(फोटो) हा कॉलिन कॅपर्निक, अमेरिकन फुटबॉलवाला. काल क्लबात ह्याच्यावरून जोरदार वाजलं. कोच म्हणाले, खेळाडूने खेळावं, नसत्या भानगडीत पडू नये. तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?

बाळूकाका, ८:२१
राष्ट्रगीत चालू असताना हा गुडघ्यावर? देश कुठलाही असो, मला नाही पटत. बावन्न सेकंद उभं राहायला काय जातं?

ओंकार, ८:२२
काका, त्यांचं जवळजवळ दोन मिनिटं चालतं

बाळूकाका, ८:२२
मग दोन मिनिटं उभं राहा.

शुभावहिनी, ८:२५
इस्त्रीचे कपडे आले का बघ रे खाली

शुभावहिनी, ८:२५
सॉरी, चुकून इकडे आलं

मंदारदादा, ८:४०
मी २०१६ मध्ये इथे कॅलिफोर्नियात नवा होतो. ऑफिसात तेव्हा दुसरा विषय नसायचा. ओम्या, तू फोटो टाकलास पण त्याच्या आधीची गोष्ट राहिली. सुरुवातीला तो गुडघा टेकतच नव्हता, सरळ बाकावर बसून राहायचा. मोसमाआधीचे सराव सामने चालू होते. पहिल्या दोनदा कुणाचं लक्षही गेलं नाही. २६ ऑगस्टला सांता क्लारात ग्रीन बे संघाविरुद्धच्या सामन्यात तो फोटोत दिसला आणि पेटलं. पोलिसांच्या हातून काळी माणसं मरत होती, त्याबद्दल त्याला बोलायचं होतं. जो देश काळ्या लोकांना दडपतो त्याच्या झेंड्याचा अभिमान दाखवायला मी उभा राहणार नाही, असं त्याने पत्रकारांना स्वच्छ सांगितलं.

बाळूकाका, ८:४३
बसून? हे तर त्याहून वाईट.

मंदारदादा, ८:५१
काका, नेट बॉयर नावाच्या माणसाला अगदी तुमच्यासारखंच वाटलं. ग्रीन बेरे, म्हणजे त्यांच्या स्पेशल फोर्सेसमधला, इराक-अफगाणिस्तान करून आलेला. नंतर थोडे दिवस फुटबॉलही खेळला. त्याने कॅपर्निकला खुलं पत्र लिहिलं. राग आला हे लपवलं नाही, पण तुझं ऐकून घ्यायला तयार आहे असंही लिहिलं. कॅपर्निकने त्याला बोलावून घेतलं, सॅन दिएगोच्या एका हॉटेलात दोघं बोलत बसले. बॉयर म्हणाला, बाकावर एकटा बसू नकोस, सोबत्यांच्या शेजारी गुडघा टेक. आम्ही गेलेल्या साथीदाराच्या कबरीपुढे तेच करतो. १ सप्टेंबर २०१६ ला कॅपर्निकने पहिल्यांदा गुडघा टेकला. एका बाजूला संघातला एरिक रीड, तोही गुडघ्यावर. दुसऱ्या बाजूला बॉयर, छातीवर हात ठेवून ताठ उभा.

बाळूकाका, ८:५२
म्हणजे हे फौजीने सुचवलं?

मंदारदादा, ८:५२
हो.

बाळूकाका, ८:५९
हं.

अप्पा, ९:०५
ग्रुपवर राजकारण नको.

नीलाआत्या, ९:०६
अप्पा, हे अमेरिकेचं आहे.

अप्पा, ९:०६
राजकारण ते राजकारण.

शुभावहिनी, ९:३०
त्या मुलाचं पुढे काय झालं पण?

मंदारदादा, ९:४१
मार्च २०१७ मध्ये तो करारातून बाहेर पडला आणि त्यानंतर एकाही संघाने त्याला घेतलं नाही. वय २९, चार वर्षांपूर्वी संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू. संघमालकांनी संगनमत केलं अशी तक्रार त्याने केली, २०१९ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात ट्रम्प उतरले. सप्टेंबर २०१७ मध्ये अलाबामातल्या सभेत म्हणाले, अशांना मालकांनी मैदानाबाहेर हाकललं पाहिजे (शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत). त्याच रविवारी दोनशेहून जास्त खेळाडू गुडघ्यावर किंवा बसून! त्यातल्या कित्येकांना आदल्या आठवड्यापर्यंत कॅपर्निकशी काही देणंघेणं नव्हतं.

ओंकार, ९:४३
आणि त्या दिवशी पोलिसांचा विषय कुणी काढलाच नाही. सगळा वाद ट्रम्प विरुद्ध खेळाडू. काल क्लबात मी हेच म्हणत होतो. तासभर भांडलो, त्यात उभं-बसणं सोडून कशावरही बोललो नाही.

मंदारदादा, ९:४९
काका, तुम्हाला आवडेल असा एक जण. पिट्सबर्गचा आलेहांद्रो व्हियानुएव्हा, आर्मी रेंजर होता. त्या रविवारी शिकागोत त्याचा अख्खा संघ मैदानात यायच्या बोगद्यातच थांबला, हा एकटा तोंडाशी येऊन छातीवर हात ठेवून उभा राहिला. रातोरात हिरो झाला.

बाळूकाका, ९:५०
शाब्बास. हा माझा माणूस.

मंदारदादा, ९:५१
दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. सोबती आत राहिले आणि मी एकटा पुढे आलो, त्यामुळे ते वाईट दिसले, याची लाज वाटते म्हणाला.

बाळूकाका, ९:५८
तेही फौजीच बोलणार.

ऋता, १०:१०
कायद्याचं मी सांगते, थोडक्यात. त्यांच्या कायद्यात राष्ट्रगीताला उभं राहावं असं लिहिलंय, पण न राहिल्यास शिक्षा नाही. १९४३ मध्येच त्यांच्या सुप्रीम कोर्टाने वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात ठरवलं की शाळेत मुलांना झेंड्याला सलामी द्यायची सक्ती करता येणार नाही. आणि हे ऐन महायुद्धात. पण हा अधिकार सरकारविरुद्ध आहे, खासगी मालकाविरुद्ध नाही. फुटबॉल लीगने मे २०१८ मध्ये नियम केला की मैदानात असाल तर उभं राहा, नाहीतर आत थांबा. जुलैत खेळाडूंच्या संघटनेमुळे तो थांबवावा लागला. आपल्याकडे १९८६ चा बिजो इमॅन्युएलचा निकाल आहे. केरळातली तीन भावंडं आदराने उभी राहायची, पण धर्मामुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढलं. कोर्टाने परत घ्यायला लावलं.

बाळूकाका, १०:१२
बघ, उभी राहायची ना! माझं तेवढंच म्हणणं आहे. विरोध करा, पण उभं राहून करा. झेंडा कुणा सरकारचा नसतो. मी २२ वर्षं वर्दी घातली ती काय कुठल्या पक्षासाठी?

नीलाआत्या, १०:३४
बाळू, उभं राहून केलेल्याचंच सांगते. १९६८, मेक्सिको सिटी, २०० मीटरचा बक्षीस समारंभ. अमेरिकेचा टॉमी स्मिथ पहिला, १९.८३ सेकंदांचा विश्वविक्रम. त्यांचाच जॉन कार्लोस तिसरा. पायात बूट नाहीत, काळे मोजे, माना खाली, काळ्या हातमोज्याची मूठ वर, काळ्या लोकांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून. बसलं नाही कुणी. तरी दोघांना अमेरिकेने ऑलिंपिक ग्राममधून काढून घरी पाठवलं.
त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट व्हेरा चास्लाव्हस्का. दोनच महिन्यांपूर्वी तिच्या देशात सोव्हिएत रणगाडे घुसले होते. सोव्हिएत राष्ट्रगीत वाजलं तेव्हा तिने मान खाली घालून तोंड फिरवलं. उभीच होती. घरी गेल्यावर तिला कित्येक वर्षं बाजूला टाकलं. हिला काय म्हणशील?

बाळूकाका, १०:३६
ते परक्याचं राष्ट्रगीत होतं. आपल्या घरात घुसलेल्याचं. त्याची तुलना नको.

नीलाआत्या, १०:३७
हे मात्र मान्य.

अप्पा, १०:४१
तो मुठींचा फोटो मी तेव्हा पेपरात पाहिला होता. मला वाटलं जिंकल्याच्या आनंदात हात वर केलेत. बऱ्याच वर्षांनी कळलं.

शुभावहिनी, १०:४२
अप्पा, राजकारण नको ना?

अप्पा, १०:४२
आठवण सांगितली फक्त.

ओंकार, १०:५५
आत्या, त्या फोटोतला तिसरा कोण? गोरा आहे तो.

नीलाआत्या, ११:०८
त्याच्यावरच येत होते. पीटर नॉर्मन, ऑस्ट्रेलियाचा, रौप्यपदक. मूठ वर नाही, मान खाली नाही, पायात बूट. बाळू, तू सांगतोस तसाच सावधान उभा. फक्त छातीवर मानवी हक्कांसाठीचा एक बिल्ला, त्या दोघांच्याही छातीवर तोच होता. कार्लोस हातमोजे विसरला होता, म्हणून एका जोडीतला एकेक घाला ही कल्पनाही नॉर्मनचीच म्हणतात. म्हणून फोटोत एकाचा उजवा हात वर आहे, एकाचा डावा.
मायदेशी त्याच्यावर टीका झाली, १९७२ च्या म्युनिकला तो नव्हता. त्यांची ऑलिंपिक समिती म्हणते निवड चाचणीत कमी पडला. त्यांच्या संसदेने मात्र २०१२ मध्ये त्याची माफी मागितली. तेव्हा तो हयात नव्हता. २००६ मध्ये गेला, शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियात गेले होते. मेक्सिकोत धावलेली त्याची २०.०६ सेकंदांची वेळ ऑस्ट्रेलियाचा विक्रम म्हणून डिसेंबर २०२४ पर्यंत टिकली.

ओंकार, ११:०९
२०.०६??? आजही भारी आहे ही वेळ

बाळूकाका, ११:२०
नुसत्या बिल्ल्यासाठी?

नीलाआत्या, ११:२०
नुसत्या बिल्ल्यासाठी.

मंदारदादा, ११:३१
काका, आणखी एक उभा राहिलेला. बास्केटबॉलचा महमूद अब्दुल-रऊफ, १९९६. आधी उभा राहत नव्हता, म्हणून एका सामन्याचं निलंबन, ३१,७०७ डॉलरचा फटका. मग तडजोड झाली, उभा राहीन पण डोळे मिटून प्रार्थना करीन. मोसम संपल्यावर त्याच्या डेन्व्हर संघाने त्याला सॅक्रामेंटोच्या संघाला देऊन टाकलं.
आणि हे राष्ट्रगीताला मैदानात रांग लावणंही फार जुनं नाही. २००९ च्या आधी फुटबॉलच्या रात्रीच्या मोठ्या सामन्यांत खेळाडू त्या वेळी बहुधा आतच असायचे. २०१५ मध्ये दोन सेनेटरांनी अहवाल काढला. संरक्षण खातं संघांना पैसे देत होतं, मैदानात सैनिकांचा सत्कार करा, मोठा झेंडा उलगडा म्हणून. साधारण ६८ लाख डॉलर.

बाळूकाका, ११:३३
थांब. सैनिकांच्या सत्काराचे पैसे घेतले संघांनी?

मंदारदादा, ११:३३
बऱ्याच संघांनी. त्या सेनेटरांपैकी एक जॉन मकेन, व्हिएतनाममधले युद्धकैदी. ते भयंकर चिडले होते.

बाळूकाका, ११:३५
(हा संदेश हटवला आहे)

शुभावहिनी, ११:३६
काका, वाचला मी

बाळूकाका, ११:४८
हे मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. तो मुलगा स्वतःची नोकरी घालवून बसला, ह्यांनी आमच्या नावावर गल्ला भरला. तरीही मी सांगतो, मी असतो तर उभाच राहिलो असतो.

ओंकार, ११:४९
आणि शेजारी मी गुडघ्यावर असतो तर?

बाळूकाका, ११:५५
खडसावलं असतं. नंतर. चार लोकांसमोर नाही.

मंदारदादा, १२:०२
इथे सॅन होजेच्या विद्यापीठात त्या १९६८ च्या क्षणाचं शिल्प आहे, २००५ पासून. स्मिथ आणि कार्लोस तिथलेच विद्यार्थी. दोघेच आहेत, दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी. नॉर्मननेच सांगितलं होतं माझा पुतळा नको, येणाऱ्याला तिथे उभं राहता येऊ दे. लोक चढून फोटो काढतात.

बाळूकाका, १२:०४
तू चढलास?

मंदारदादा, १२:०४
हो. मूठ वर करायची की नाही ते कळेना, शेवटी हात खालीच ठेवले.

बाळूकाका, १२:०५
पाठव तो फोटो.