विजय सुपर तापली की बंद पडते, तुळजापूर रस्ता

बाळीवेसकर:
विजय सुपर १५० स्कूटर, रिबोअर (सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन) होऊन ३०० किमी झाले. थंड असताना एका किकला सुरू होते. तुळजापूरकडे १२-१५ किमी गेलं की ओढ कमी होते, मग बंदच. वीस मिनिटं सावलीत उभी केली की परत चालते. मेकॅनिक म्हणतो विकून टाका. विकायची नाही. सुरुवात कुठून करू?

होटगीरोड:
बंद पडली की लगेच, इंजिन निवायच्या आत, प्लग काढून बॉडीला टेकवा आणि किक मारा. ठिणगी पिवळी, तुटक किंवा गायब असेल तर कंडेन्सर किंवा मॅग्नेटोतली (इंजिनवर फिरून ठिणगीची वीज बनवणारा भाग) कॉईल गेलीय. थंड असताना दोन्ही चांगल्या दिसतात, म्हणून गॅरेजात दोष सापडत नाही. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) फट ०.३५ ते ०.४५ मिमी ठेवा. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) पुलरनेच काढा, हातोडीने क्रँकचं टोक खराब होतं.
निळी, कडक ठिणगी असेल तर पेट्रोल बघा. टाकीचं झाकण सैल करून चालवा. तेवढ्याने बरी चालली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.
किक जड लागते का? लागत असेल तर पिस्टन धरतोय, पुढे चालवू नका.

लॅम्ब्रेटावाले:
विकू नका हो! लॅम्ब्रेटा स्कूटर बनवणाऱ्या मिलानच्या इनोसेंटी कारखान्याची यंत्रसामग्री १९७२ मध्ये भारत सरकारने घेतली आणि लखनौला तीच गाडी विजय सुपर नावाने बनू लागली. पाइपची चेसिस, इंजिन मधोमध, त्यामुळे एका बाजूला ओढत नाही. असा तोल फार थोड्या स्कूटरना आहे.
आता काउलिंग (इंजिनवरचं पत्र्याचं आवरण) तपासा. सिलिंडर आडवा आणि झाकलेला, समोरचा वारा त्याला लागतच नाही. फ्लायव्हीलचा पंखा हवा फेकतो, ती पत्र्याच्या काउलिंगमधून फिन्सवर (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) जाते. रिबोअरच्या वेळी हे पत्रे काढून बाजूला ठेवतात आणि तसेच राहतात. मग एप्रिल-मेच्या ४० अंशांत कुठलंही इंजिन तापणारच. फिन्समधली तेलकट माती तारेने काढा. नव्या बोअरला पेट्रोलच्या लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) घाला.

बाळीवेसकर:
काउलिंग आहे. किक हलकी, ठिणगी निळी. झाकण सैल करूनही तेच. प्लग मात्र पांढराफटक.

होटगीरोड:
म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ आहे, हवा जास्त जातेय. गरम असताना थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम उशिरा उतरतात का? तसं असेल तर फ्लायव्हील बाजूचं ऑइल सील बघा, ते गेलं की तिथून जादा हवा आत खेचली जाते. स्टेटर प्लेटमागे (फ्लायव्हीलखालची कॉईलची प्लेट) ओलसर तेल दिसलं की खात्री. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होतं, तुमची खूण ती नाही. इंजिन उघडलंच तर दोन्ही बदला.
सील चांगलं निघालं तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं गॅस्केट. तेही ठीक असेल तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) दोन नंबर मोठा करा, इथेनॉलवाल्या पेट्रोलने मिश्रण आणखी पातळ होतं. आणि हेड शॉर्ट रीचचं (आखूड चुडीच्या प्लगचं) असेल तर लांब चुडीचा प्लग चुकूनही लावू नका, पिस्टनला आदळेल.

बाळीवेसकर:
आरपीएम उशिराच उतरतात. रविवारी फ्लायव्हील काढतो.